एका फ्लॉपीत मावलेलं लग्न

आधी चहा घ्या. ही गोष्ट ऐकल्यानंतर तुम्ही माझ्या हातचा चहासुद्धा विश्वासाने पिणार नाही! त्या काळी अख्ख्या ऊर्जानगर वसाहतीत माझ्याएवढा कॉम्प्युटरतज्ज्ञ नाही, असं एक माणूस ठामपणे मानायचा. तो माणूस म्हणजे मीच.

चंद्रपूरच्या क्लासला जाऊन मी कोड लिहायला शिकत होतो. शिकलेलं कुठेतरी वापरल्याशिवाय मला जेवण गोड लागत नव्हतं. आणि संधी चालून आली ती शेजारच्या हमीदाचाचींकडून.

चाचींचा इरफान माझा शाळेपासूनचा दोस्त. मस्कतला नोकरीला लागला आणि इकडे त्याच्या बहिणीचं, शबानाचं लग्न ठरलं. सुट्टी काही मिळाली नाही. सायकलच्या दांडीवर बसवून जिला शाळेत सोडलं, तिचाच निकाह चुकला! त्याचा फोन आमच्याच घरी यायचा. दर वेळी एकच धोशा.

"सारे म्हंते, शबाना खुश हाये. फोनवर त सारेच खुश असते बे! मले तिचं तोंड दाखव. तोंड पाह्यलं का मले समजते."

लग्नात इरफानच्या नागपूरच्या मावसभावाने नवाकोरा डिजिटल कॅमेरा आणला होता, म्हणून फोटोवाला सांगितलाच नव्हता. सगळे फोटो माझ्या कॉम्प्युटरवर ओतले, कॅमेरा कोरा केला आणि मावसभाऊ नागपूरला गेला.

आता एवढे फोटो सायबर कॅफेतून ईमेलने जाणार कसे? फाइलींचं दाबून गाठोडं बांधणारं तयार सॉफ्टवेअर मिळत होतं हो. पण तयार वापरायला मी काय कोणी सामान्य माणूस होतो? मी स्वतः प्रोग्राम लिहिला. फोल्डरमधला एकेक फोटो उचलायचा, दाबायचा, गाठोड्यात टाकायचा.

चाची शेजारी बसून बघत होत्या. "दाबल्यानं चुरगळतीन काय रे फोटो, विज्या?"

"नाई चुरगळत चाची."

"अन् हे पाय, त्या कॅफेतल्या पोट्ट्यांसमोर माह्या पोरीचे फोटो उघडजो नोको."

मी शब्द दिला.

प्रोग्राम चालवला. फोटोंची नावं भराभर सरकली. गाठोडं तयार! त्याचा आकार बघितला आणि खुर्चीत ताठ बसलो. अख्खं लग्न एका फ्लॉपीत मावत होतं! आता तुम्हीच सांगा, शहाण्या माणसाला इथे शंका यायला नको? मलाही आलीच. आपण जगातले पहिलेच तर नाही ना, अशी शंका.

त्या भरात मूळ फोटो पुसून टाकले. गाठोडं असताना ते हवेत कशाला? रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली. मला स्वच्छतेची फार आवड!

कॅफेवाला प्रमोद फ्लॉपी बघून म्हणाला, "अख्खं लग्न याच्यात? काहीबी! उघडून त पाय."

"चाचीले शब्द देल्ला हाये."

"मले नोको दाखवू, तू पाय ना बे!"

"शब्द म्हंजे शब्द." आणि ईमेल पाठवून दिला. घरी येईपर्यंत मी ही करामत चौकात चार जणांना ऐकवली होती.

रविवारी फोन वाजला. चाचा-चाची आमच्या दिवाणावर येऊन बसलेच होते.

"भेटला फोटो," इरफान म्हणाला.

"फोटो? सारे म्हण ना बे."

"एकच हाये. तू बिर्याणी खाऊन राह्यला, तो."

माझ्या डोक्यात उजेड पडला तो तेव्हा. माझा प्रोग्राम प्रत्येक फोटोसाठी नवं गाठोडं बांधत होता आणि आधीचं फेकून देत होता! उरला तो सगळ्यात शेवटचा फोटो, मावसभावाने गंमत म्हणून काढलेला. ताट हातात, गाल फुगलेले, बुबुळं बाहेर.

"चाची," मी कसंबसं म्हणालो, "सारे गेले. माह्याच हातानं गेले."

चाचींचे डोळे भरले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरंच वाटलं असतं. पण त्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि मस्कतला लग्न सांगायला बसल्या. हिरवा शरारा चाचांनी स्वतःच्या मशीनवर कसा शिवला, कबूल है म्हणताना पोरीचा आवाज कसा बारीक झाला, निघताना ती इरफानच्या रिकाम्या खाटेवर कशी बसून राहिली, सगळं. चाचा मध्येच म्हणाले, "गोट्याची जरी-किनार हातानं लावली, ते बी सांग." आमची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

शेवटी चाचींनी रिसीव्हर परत माझ्या हातात दिला.

"इरफान, माफ कर बे," मी म्हणालो.

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"तुह्या मांगं शबाना उभी हाये," तो म्हणाला. "अर्धीच दिसते. तुले खातानी पाहून हासून राह्यली. तसं तोंड ती खरंच खुश असली तरच करते."

"हाये बे, खुश हाये."

"मंग थोडा बाजूले सरक ना बे, गधड्या!"

आणि तुमची शपथ, रिसीव्हर कानाला लावून मी आमच्या क्वार्टरच्या बैठकीत दोन पावलं बाजूला सरकलो.