नऊ सेकंदांचे भरतीमास्तर

भरतीमास्तर एका वेळी नऊ सेकंद बोलत. दहावा सेकंद मी तरी कधी ऐकला नाही. आमच्या गळवाल्यांच्या, म्हणजे हौसेनं मासे धरणाऱ्यांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी साडेसहाच्या सुमारास त्यांचा आवाज यायचा, "आज भरती साडेधाला. वारा बरा हाय. पालीच्या दगडावर चालंल, टोकावर कोन जाव नका." बस. गुड मॉर्निंग नाही, गुलाबाचा फोटो नाही. मागे एखादा कोंबडा आरवायचा तेवढाच. खाली आमची उत्तरं लागायची, "हो काका", "थँक यू काका", "ओके मास्तर". त्या उत्तरांवर ते कधी काही बोलले नाहीत, पण नंतर कळलं, ती ते एकूणएक वाचत असत.

ते पाली गावचे. जन्म बोटीवर गेला, गुडघ्यानं दगा दिला तेव्हा किनाऱ्यावर आले आणि घराच्या ओट्यावरून दर्या बघत बसू लागले. आम्ही मीरा रोड-भाईंदरच्या टॉवरमधली माणसं. मी स्वतः परळ सोडून इथे आलेला, आठवडाभर अंधेरीच्या ऑफिसात मान मोडायची आणि रविवारी रॉड घेऊन उत्तन-पालीच्या खडकांवर उभं राहायचं. मासा मिळाला तर ठीक, नाही तर वारा मिळतो. ज्या माणसानं माशावर घर चालवलं त्याला आमचा हा छंद पोरखेळ वाटला असता तरी नवल नव्हतं. पण त्यांनी कधी तसं दाखवलं नाही. 'भरतीमास्तर' हे नाव आमच्यातल्या नितीननं ठेवलं. नितीन भाईंदर पूर्वेला राहायचा, एका बँकेत होता, आणि ग्रुप त्यानंच सुरू केला होता. ॲडमिन दोघं, तो आणि मास्तर.

कोणी हिंदीत विचारलं की मास्तर हिंदीत उत्तर द्यायचे, पण दर्या त्यांचा मराठीच राहायचा. "भाई, संडे को पानी कैसा रहेगा?" असं एकानं विचारलं, तेव्हा त्यांचं उत्तर आलं, "पानी अच्चा हाय, पन दर्या का मन बरा न्हाय. मत आना." त्या रविवारी खरंच कोणी गेलं नाही. त्यांनी 'नका' म्हटलं की आम्ही बॅगा पुन्हा माळ्यावर टाकत असू. हवामानाच्या ॲपवर सगळं हिरवं दिसत असलं तरी.

खडकावर मला उभं राहायला त्यांनी शिकवलं. पहिल्या दिवशी मी पोचलो तो घाईघाईनं रॉड जोडायला लागलो. त्यांनी काठीनं माझी बॅग बाजूला सरकवली.

"पयला बस."

"काका, भरती लागलीय, वेळ जाईल."

"बस. दर्याला बग. मोठी लाट किती लाटांमागून येते ती मोज. मंग गळ टाक."

मी अर्धा तास लाटा मोजत बसलो. चिडलो होतो. मग एक लाट आली आणि मी जिथे उभा राहणार होतो तो दगड कमरेइतक्या पाण्याखाली गेला. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वी मला लाकडाचे मासे करायचा नाद लागला. गळाला लावायचे खोटे मासे, लुअर म्हणतात त्यांना. सागाचा तुकडा घासायचा, रंगवायचा, डोळा लावायचा. पहिला मासा जमला तेव्हा मी तो तळहातावर ठेवून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. शप्पथ सांगतो, त्यात विकायचा विचार नव्हता. सगळ्यांनी कौतुक केलं. मास्तरांनी तर नियम मोडून दुपारी आवाज पाठवला, "डोला जित्या माशासारका झालाय. मला एक दे." मी त्यांना नेऊन दिला. त्यांनी तो गळाला कधीच लावला नाही, ओट्यावरच्या खिळ्याला टांगून ठेवला.

मग दोघातिघांनी विकत मागितले. मी फोटो टाकले. मग नावाचं स्टिकर केलं, मग यूट्यूब चॅनल. 'नवीन व्हिडिओ आलाय मित्रांनो, लाईक करा, शेअर करा.' दर दिवसाआड एक, मग रोज. लोकांची उत्तरं कमी झाली तसे मी फोटो वाढवले. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. ग्रुप सगळे एकाच वेळी उघडत, सकाळी, मास्तरांचा आवाज आला की. म्हणून मी माझी जाहिरात तयार ठेवायचो आणि त्यांचा आवाज पडला की लगेच खाली ती सोडायचो. मला त्यात हुशारी वाटायची.

माझं बघून दुसऱ्यानं रॉड विकायला काढले, तिसऱ्यानं मालवणच्या सहली, चौथ्यानं रेनकोट. नितीननं एकदा लिहिलं, 'मित्रांनो, विक्रीच्या पोस्ट फक्त बुधवारी.' त्याला सगळ्यांनी अंगठा दिला आणि गुरुवारी मीच पोस्ट टाकली. त्याला फोनवर म्हटलं, "अरे, आपलाच ग्रुप आहे ना? सपोर्ट करायचा सोडून काय नियम लावतोयस!" नितीन भिडस्त. तो नुसता हसला.

मास्तर मात्र बोलले. एका रविवारी खडकावरून परतताना ओट्यावर थांबलो, तर म्हणाले, "पराग, तुजा मासा चांगला हाय. पन रोज रोज तोच मासा दाखवशील तर त्याला वास येल."

मी म्हटलं, "काका, जमाना तसा आहे. दाखवत राहिलं नाही तर लोक विसरतात."

"मी रोज नऊ सेकंद बोलतो," ते म्हणाले. "मला कोन विसरला?"

मला ते लागलं. पण पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पाच फोटो टाकले.

ऑक्टोबरातला रविवार होता. आकाश स्वच्छ, वारा पडलेला. मला नव्या माशाचा व्हिडिओ करायचा होता म्हणून मी नितीनला कॅमेरा धरायला बोलावलं होतं. साडेसहाला मास्तरांचा आवाज ग्रुपवर पडलेला मी पाहिला. पाहिला, ऐकला नाही. भरतीची वेळ मला ॲपवर कळत होती आणि मला माझी दिवाळीची पोस्ट सोडायची होती. सात फोटो आणि एक लिंक. ती सोडून मी स्कूटर काढली.

टोकाच्या खडकावर आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. मला वाटलं, वा, आवाज रेकॉर्ड करायला बरं. नितीन म्हणाला, "परागदादा, तू वर थांब, मी खालून घेतो. मागे फेस मस्त येतोय, फ्रेम भारी दिसेल." तो दोन दगड खाली उतरला. मी मासा कॅमेऱ्यापुढे धरून बोलायला लागलो. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं. वळून बघतो तर मास्तर, वरच्या वाटेवर, चर्चला जायच्या कपड्यांत, पांढरा सदरा आणि पॉलिश केलेले बूट. हात हलवत होते. मी पण हात हलवला. मला वाटलं, नमस्कार करताहेत.

पुन्हा वळलो तेव्हा खालचा दगड रिकामा होता.

लाटेचा मोठा आवाजही झाला नव्हता. पाणी नुसतं वर आलं होतं आणि खाली गेलं होतं. नितीन दोन खडकांच्या मधल्या घळीत होता, त्याचं डोकं दिसायचं आणि जायचं. मी बूट काढले. उडी मारणार तोच माझी कॉलर मागे खेचली गेली. तो गुडघा घेऊन मास्तर त्या दगडांवरून कसे उतरले मला आजही कळत नाही.

"तू उडी मारलीस तर मला दोन दोऱ्या लागतील. माज्याकडं एकच हाय."

त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत दोरी होती, टोकाला तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा बांधलेली. त्यांनी ती फेकली. नितीननं डबा छातीशी धरला. मी ओढायला लागलो तर त्यांनी माझ्या मनगटावर हात दाबला.

"आता न्हाय."

"काका, तो बुडतोय!"

"आता ओढलास तर दगडावर फुटंल. थांब. आता न्हाय... आता न्हाय..."

नितीन माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत नुसता दोरी धरून उभा होतो. मग पाणी पुन्हा वर आलं, फुगलं, आणि मास्तर ओरडले, "ओढ!"

ती लाटच त्याला वर घेऊन आली. त्याची पावलं, हात, पोट कालवांच्या शिंपल्यांनी सोलून निघालं होतं. उजवा पाय मांडीत मोडला होता. तो थरथरत मला म्हणाला, "दादा, तुझा कॅमेरा गेला रे." मास्तरांनी त्यांचा पांढरा सदरा काढून त्याच्या अंगावर घातला.

इस्पितळात नितीनला आत नेल्यावर आम्ही दोघं बाकावर बसलो. मास्तर बनियनवर, दोन्ही तळहातांवर दोरीचे वळ. मी विचारलं, "काका, तुम्ही तिथे कसे आलात?"

"दर रविवारी येतो. गणपतीपासून."

"का?"

त्यांनी फोन काढला. सकाळचा आवाज दाबून धरला आणि मला यादी दाखवली. आवाज कोणी कोणी ऐकला ते व्हॉट्सॲप सांगतं, हे त्यांना त्यांच्या मुलीनं शिकवलं होतं. इतक्या मोठ्या ग्रुपात नऊ नावं. "पयले सगले ऐकत," ते म्हणाले. "आता मी बोलतो तो बाजारात बोलल्यासारका. लोकांनी ग्रुपचा आवाजच बंद केलाय. मंग मी काय करनार? चर्चात मिसा झाली की दोरी घेतो, खाली उतरतो, कोन दिसला तर हाकलतो."

मी त्यांच्या फोनवर तो आवाज लावला. "टोकावर कोनी जायचा न्हाय. दर्या वरून गप हाय, आतून उसलतोय. आज घरी बसा." नऊ सेकंद.

त्याखाली माझे सात फोटो होते. त्याखाली रॉड, सहली, पुन्हा मी. दर रविवारी, त्या गुडघ्यानं, आणि मी दोन महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं की हा म्हातारा चर्चच्या कपड्यांत किनाऱ्यावर कशाला हिंडतोय.

दुपारी मी ग्रुपवर नितीनच्या अपघाताची बातमी टाकली. दोन मिनिटांत खाली एक पोस्ट आली. 'लाईफ जॅकेट, सर्व साईज उपलब्ध. जीव महत्त्वाचा आहे मित्रांनो. आजच ऑर्डर करा.' मी ती पुन्हा वाचली. ती वाक्यं माझी होती. तीच 'मित्रांनो', तेच 'आजच ऑर्डर करा', शेवटी माशांची तीच तीन चिन्हं. त्यानं माझीच जुनी पोस्ट उचलून फक्त माल बदलला होता. त्या माणसाला शिवी द्यायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

त्या दिवशी मी ग्रुपवर मागे मागे जात राहिलो. नेमकं कुठे बिघडलं ते मला शोधायचं होतं. पहिला फोटो आनंदाचा होता, तो मी आजही टाकीन. दुसऱ्यातही वावगं नव्हतं. पण पुढे कुठेतरी लोकांना काही दाखवायचं असं राहिलंच नव्हतं, नुसतं त्यांच्या डोळ्यांसमोर राहायचं होतं. ती जागा मला नेमकी सापडली नाही. मी चॅनल बंद केलं, ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. नितीनच्या बायकोला भेटलो तेव्हा ती दारातच म्हणाली, "भाऊजी, आता काही बोलू नका. त्याला बरं होऊ दे." नितीन बरा झाला. जरा लंगडतो. माझ्याशी बोलतो, आणि ते मला जास्त जड जातं.

विक्री बंद झाली. सकाळचा आवाज पुन्हा सगळे ऐकू लागले, खाली 'हो काका'ची रांग लागू लागली. आणि डिसेंबरात एका सकाळी मास्तर म्हणाले, "आज भरती बाराला. उद्यापासून मी न्हाय." आणि ग्रुपमधून बाहेर पडले.

मी ऑफिस टाकून पालीला गेलो. घरासमोर टेम्पो उभा होता. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, मुलगी त्यांना वसईला नेत होती. मी म्हटलं, "काका, तिथूनही बोला ना. सगळे ऐकतात आता."

"तिथनं हा दर्या दिसत न्हाय. न बगता सांगू?"

मग इतके दिवस मनात अडकलेलं विचारलं. "काका, तुम्ही ॲडमिन होतात. मी एवढा त्रास देत होतो. मला ग्रुपमधून काढून का नाही टाकलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू हा प्रश्न कोणाला पडूच कसा शकतो.

"काढायला काय, एक बोट लागतं. पन काढला म्हनून तू दर्यावर जायचा थांबला असतास? न्हाय. रुसून एकटाच गेला असतास. मंग तुला भरती कोनी सांगितली असती?"

मुलीनं हाक मारली. ते माझ्या खांद्याला धरून उठले आणि टेम्पोत जाऊन बसले.