गोफणवीराचा शेवटचा अंक

फ्लेक्स छापायला आलेला माणूस चहा पितो, फुकटचा सल्ला देतो आणि जाताना मागे एक किस्सा ठेवून जातो. आमच्याकडे असे किस्से इतके साठलेत की कॉमिक्सऐवजी तेच छापले असते तर जास्त खपले असते!

आधी मंडळी सांगतो. शेवगावच्या स्टँडजवळ मंगलचं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. मी जवळच्याच ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. तिसरे युसूफभाई, तालुक्यातले जुने पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकमागचे शेर, निवडणुकीच्या भिंती, सगळं त्यांच्या हातचं. फ्लेक्स आले आणि त्यांचं काम गेलं. दुसरा कुणी असता तर मंगलच्या दुकानासमोरून मान फिरवून गेला असता. हे रोज तिथंच येऊन चहा प्यायला लागले!

त्या चहातून 'गोफणवीर' जन्मला. दिवसा मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उचलणारा आणि आभाळ गिळणारा धुळासुर आला की गोफण घेऊन धावणारा आमचा सुपरहिरो. गोष्ट माझी, चित्रं आणि अक्षरं युसूफभाईंची, छपाई मंगलची.

गोष्ट अजून बरीच चालायची होती. पण युसूफभाईंचा हात थरथरायला लागला. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी तिघांचाही चहा निवून गेला. शेवटी तेच म्हणाले, "सर, हात चालतोय तवर गोफनवीराचा शेवट करून टाका. अर्धवट न्हाई ठिवायचा मला त्यो."

म्हणून हा शेवटचा अंक. तो त्यांच्या हातून पुरा होतो की नाही, एवढाच प्रश्न होता.

*

पहिल्याच पानावर धुळासुर डोंगर फोडून बाहेर येतो. मी 'धडाम' लिहून दिलं होतं. पाट्या रंगवायची सवय! युसूफभाईंनी 'धडाम'ला सावली दिली, बॉर्डर दिली, वर लाल-पिवळा शेड मारला. असा 'धडाम' एखाद्या मॉलवरही शोभला असता.

मी पान उलटंसुलटं करून पाहिलं. "युसूफभाई, धुळासुर कुठंय?"

"धडामच्या मागं हाय!"

*

सुपरहिरोचं तोंड झाकलेलं हवं, म्हणून आम्ही गोफणवीराच्या तोंडाला पंचा बांधला. फक्त डोळे उघडे. मी खूश होतो. मंगलनं मान हलवली.

"सर, गोष्ट उन्हाळ्यातली आहे ना?"

"हो."

"मग अख्खं शेवगाव असंच फिरतंय. यातला गोफणवीर कोणता, हे धुळासुराला कळणार कसं?"

आम्ही गर्दीतल्या बाकीच्यांचे पंचे सोडले. ऐन मे महिन्यात सगळं गाव उघड्या तोंडानं उन्हात उभं! एका वाचकानं विचारलंच, "यांना ऊन लागत नाही का हो?"

*

धुळासुराच्या हसण्यासाठी मॉडेल लागलं. "सर, जरा आ करून हुभं राहा." मी राहिलो. कलेसाठी माणूस काय काय करतो! तेवढ्यात लग्नाचा फ्लेक्स करायला आलेले एक पाहुणे दारात थबकले. मला नीट न्याहाळलं आणि कळवळून मंगलला म्हणाले, "डाकटर आतल्या खोलीत बसत्यात का?"

अंक निघाल्यावर कॉलेजात माझं नाव काय पडलं, ते सांगायची गरज नाही.

*

लढाईची पानं सुरू झाली आणि हात जास्तच हलायला लागला. फॅनच्या वाऱ्यानं कागदही हलायचा. हात हलणार आणि कागदही हलणार, मग रेघ लागायची कशी? मंगलनं फॅन बंद केला. शेवगावचं ऊन, पत्र्याचं दुकान, आणि आम्ही तिघं घामानं निथळतोय.

गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "लाईट गेली का?"

मंगल म्हणायची, "नाही, लढाई चालू आहे."

आणि लोक थांबायचे हो! टोपीनं वारा घेत, रुमालानं मान पुसत बाहेरच्या बाकड्यावर बसायचे. घाई असलेल्या एका आजोबांनी तर आत डोकावून सांगितलं, "काढा, काढा! लगीन काय पळून जातंय व्हय?" या सगळ्यांचे आभार मानायचे राहूनच गेलेत. इथं मानतो. आमचा अंक त्यांच्या घामावरही उभा आहे.

*

गोफणवीर मरणार, ही बातमी फुटली. एक जण मोटरसायकलवरून थेट दुकानात आले.

"सर, आमची पोरगी जेवंना झालीय. मारू नका त्याला."

"अहो, गोष्टीची गरज आहे."

ते विचारात पडले. "मारायचाच आसंल तर परीक्षेनंतर मारा!"

आम्ही अंक परीक्षेनंतर काढला.

*

शेवटचं पान. धुळासुराला फोडायचं तर त्याच्या पोटात शिरावं लागतं, आणि शिरलेला परत येत नाही, हे वाचकाला आधीच कळलेलं. गोफणवीर दारात उभा आहे, समोर आई. त्याच्या तोंडी मी दोन शब्द दिले होते, "आई, येतो."

मंगल म्हणाली, "सर, मरायला निघालाय आणि येतो काय?"

खरंच की! सवयीनं लिहून गेलो होतो. "युसूफभाई, 'जातो' करा."

ब्रश थांबला. "न्हाई लिवनार."

"अहो, तो परत येणार नाहीये!"

"ते तुमाला म्हाईत, मला म्हाईत. आईला कशापायी सांगायचं? उंबऱ्यातून निगताना कुनी 'जातो' म्हनतं का?"

त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि लिहायला घेतलं. तरी हात स्थिर राहिला नाही. मात्रा वाकडी गेली, काना हलला. साऱ्या अंकात इतकं वाईट अक्षर दुसरं नव्हतं.

मंगल हळूच म्हणाली, "चाचा, एवढा शब्द मी कॉम्प्युटरवर टाकू?"

मीच म्हणालो, "राहू दे मंगल. सगळा अंक यांच्या हातचा, तर शेवटचा शब्दही यांच्याच हातचा."

अंक निघाला. आठवड्याभरात खर्ड्याहून एका वाचकाचा फोन आला. मी स्पीकर चालू केला. युसूफभाई बशीत चहा ओतत होते, निम्मा खाली सांडत होता.

"सर, शेवट वाचला. ते 'येतो' म्हणताना त्याचा आवाज थरथरतोय, ते काय दाखवलंय हो! डोळ्यांत पाणी आलं. कसं सुचलं तुम्हाला?"

मंगलनं माझ्याकडे पाहिलं. मी युसूफभाईंकडे पाहिलं.

त्यांनी बशी खाली ठेवली आणि फोनकडे वाकून म्हणाले, "आईसमोर हुभा व्हता ना. थरथरनारच की."