भूमिपूजनाचा फोटो

दरवर्षी पोळ्याच्या आधी कुंभार पिंपळगावच्या बाजारात मी आमदारांचा कार्यअहवाल वाटतो. लोक त्यात भजी बांधून नेतात. एक म्हातारा मात्र धोतराला हात पुसून पुस्तिका घेतो आणि थेट त्याच्या गावच्या ओढ्यावरच्या पुलाचं पान उघडतो. तिथं भूमिपूजनाचा जुनाच फोटो असतो. नवा काढावा असं ओढ्यावर काही घडलेलंच नसतं. फोटोत आरतीचं ताट धरून त्याची बायको उभी आहे. पुढच्याच पावसाळ्यात तिला साप चावला आणि पुरामुळं तिला दवाखान्यात नेणारी गाडी ओढ्याच्या अलीकडंच अडकली.

यंदा मी उत्साहानं म्हणालो, "बाबा, काम सुरू होतंय. पुढच्या अहवालात नवा फोटो!"

त्यानं बोटानं तिचा चेहरा पुसला.

"मंग हा काढून टाकताल का? तिचा दुसरा न्हाई माझ्याजवळ."