हे मला ‘मजामां’ म्हणाले

“किडनीला इन्फेक्शन आहे,” इमर्जन्सी विभागातले डॉक्टर म्हणाले. “पायलोनेफ्रायटिस. लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग वर चढत मूत्रपिंडापर्यंत पोहोचला की त्याला हे नाव. सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू करू. ताप उतरला की घरी.”

एवढं अवघड नाव ऐकूनही मला हायसंच वाटलं. आजाराला नाव मिळालं की तो अर्धा आटोक्यात आल्यासारखा वाटतो. स्ट्रेचरवरचे माझे यजमान तर डॉक्टरांना हात जोडून “थँक यू साहेब, तुम्हाला फार तसदी दिली” म्हणत होते. अंगात ताप फणफणत होता, दात वाजत होते आणि यांना डॉक्टरांच्या तसदीची काळजी.

पुढचं सगळं समजायला यांचा हा स्वभाव आधी सांगायला हवा. यांचे आजोबा गायकवाडी राज्यात खानगी, म्हणजे महाराजांच्या खासगी खात्यात कारभारी होते. राज्य गेलं, खातं गेलं, पण चारचौघांत कुरकुर करायची नाही हा त्या घराचा कायदा राहिला. आम्ही बडोद्यात कारेलीबागेत राहतो. सोसायटीच्या फाटकापासून भाजीवाल्यापर्यंत कोणीही “केम छो, काका?” विचारलं की यांचं उत्तर ठरलेलं: “मजामां!” म्हणजे एकदम मजेत. बडोद्यात सगळेच असं म्हणतात, पण बाकीचे लोक डॉक्टरसमोर तरी खरं बोलतात. हे तिथेही मजामां.

आणि घरात? घरात हा माणूस अस्सल मराठीत दिवसभर किरकिरतो. चहा कोमट, पंखा आवाज करतो, आमटीत मीठ कमी, वर्तमानपत्राची घडी चुकीची. जगासाठी सगळी मजा आणि बायकोसाठी सगळी तक्रार, अशी वाटणी यांनी लग्नापासून करून ठेवलेली आहे. मी त्यावरून पुष्कळ भांडले आहे.

तापही तसाच अंगावर काढला. घरात “कंबर मोडली गं, थंडी वाजतेय, अजून एक रजई दे” असं चाललेलं, आणि सोसायटीतल्या डॉक्टरांनी विचारल्यावर “मजामां, जरा कसर आहे.” त्यांनी तापाची गोळी देऊन पाठवलं. पुढे ताप इतका चढला की मी कोणाला न विचारता रिक्षा बोलावली आणि मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेऊन घातलं.

तिथून वॉर्डात आलो त्या संध्याकाळी डॉ. हेतल भेटायला आल्या. वयाने आमच्या मुलीएवढ्या, केस घट्ट बांधलेले, बोलणं भरभर. त्या म्हणाल्या, “काकी, या वॉर्डात आमचा एक अभ्यास चालू आहे. पेशंट अचानक सीरियस होतो असं आपण म्हणतो, पण ते अनेकदा अचानक नसतं. आधी काहीतरी बदललेलं असतं. आमच्या मशीनच्या आधी ते घरच्यांना कळतं का, हे आम्ही बघतोय.”

“म्हणजे आमच्यावर प्रयोग?” मी सरळ विचारलं.

“औषधात काहीच बदल नाही. एक प्रश्न तेवढा जास्त. ड्युटी बदलताना सिस्टर तुम्हाला विचारतील, काका नेहमीसारखे आहेत की काही वेगळं वाटतं? आणि मध्येच काळजी वाटली तर त्या खांबावरचा फोन उचलायचा. आमची टीम येईल. कोणाची परवानगी लागणार नाही.”

मी अजून विचार करतेय तोवर यांनी पलंगावरून सांगून टाकलं, “हो हो, करा ना, बेन. अवश्य करा.” परक्या बाईला हे नेहमी ‘बेन’, म्हणजे ताई, म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. सोनोग्राफीत लहानसा खडा आणि मूत्रपिंडाला थोडी सूज दिसली होती, त्यासाठी सीटी स्कॅन पुढच्या दिवशी ठरला. हे उठून बसले आणि लगेच सुरू झाले. उशी टणक आहे, चहा पाणचट आहे, शेजारचा माणूस मोबाईलवर मोठ्याने भजनं लावतो. जिग्नासिस्टर आल्या आणि त्यांनी मला तो प्रश्न विचारला: “काकी, काका रोज जेवा ज लागे छे ने? के कंई जुदुं लागे छे?”

“रोजच्यासारखेच आहेत,” मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

दुपारी मी खाली कँटीनमध्ये जाऊन दोन घास खाऊन आले. हे छताकडे बघत पडले होते. मी स्टूल ओढून बसले आणि विचारलं, “अहो, बरं वाटतंय ना?”

यांनी माझ्याकडे मान वळवली. हसले. सलाईनची सुई असलेला हात दुसऱ्या हाताला कसाबसा जोडला आणि म्हणाले, “मजामां, बेन, मजामां.”

मला आधी हसू आलं. थट्टा करतायत असं वाटलं. मग चेहऱ्याकडे पाहिलं. ते हसणं माझ्यासाठी नव्हतं. फाटकाशी भेटलेल्या कोणा लांबच्या ओळखीच्या बाईला द्यायचं ते हसणं होतं.

“अहो, मी कोण आहे?” मी विचारलं.

“बेसो ने, बेसो,” हे म्हणाले. बसा ना, बसा. आणि पुन्हा छताकडे बघू लागले.

मी धावत सिस्टरकडे गेले. त्यांनी येऊन पाहिलं, कपाळाला हात लावला. ताप नव्हता. थोड्या वेळापूर्वीच प्रेशर मोजलं होतं, ते ठीक होतं. “केम छो, काका?” त्यांनी विचारलं, आणि यांनी त्यांनाही तेच उत्तर दिलं, त्याच आवाजात. सिस्टर माझ्याकडे वळून हसल्या. “काकी, वडोदरामां रहीने गुजराती तो बोले ज ने!” राउंडचे डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत, बाहेर आले की पाठवते, असं सांगून त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या. त्यांचं काय चुकलं? त्यांनी या माणसाला आल्यापासून मजामांच पाहिलं होतं.

मी स्टुलावर बसून राहिले. खांबावरचा फोन दिसत होता. उचलायला हात होईना. उचलून सांगू काय? नवरा माझ्याशी गुजरातीत बोलला म्हणून या? बडोद्यात? लोक हसतील. भीड यांच्याच घरात आहे असं मी इतकी वर्षं म्हणत आले, पण सून म्हणून त्या घरात मीही तेवढीच मुरलेय हे त्या स्टुलावर कळलं. डॉक्टर कामात आहेत, आपण कशाला मध्ये मध्ये करायचं, असं स्वतःशीच बोलत होते. मन रमवायला मोसंबं सोलायला घेतलं. एक फोड यांच्या हातात दिली तर बोटं थंडगार. मोसंब्याची फोड खाली पडली आणि यांनी ती शोधलीसुद्धा नाही.

मी उठले आणि फोन उचलला.

“काय त्रास होतोय पेशंटला?” पलीकडून कोणीतरी विचारलं.

“त्रास काही सांगत नाहीत,” मी म्हटलं. “माझ्याशी फार सभ्यपणे बोलतायत.”

पलीकडे क्षणभर कोणी बोललं नाही. मला वाटलं, झालं, वेडी ठरले. मग आवाज आला, “बेड नंबर सांगा. येतोय.”

डॉ. हेतल आणि एक तरुण डॉक्टर आले. त्या तरुण डॉक्टरने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी विसरले नाही. पण डॉ. हेतल काही न बोलता पलंगाशी वाकल्या, घड्याळाकडे बघत यांच्या छातीवर नजर ठेवून उभ्या राहिल्या. वॉर्डात एवढी वर्दळ आणि ही बाई स्वस्थ उभी. मला कळेना की काय करतेय. “श्वास मोजतेय,” त्या म्हणाल्या. “फार जलद आहे.” मग यांचं नख दाबून सोडलं. गुलाबी रंग परत यायला वेळ लागला. लघवीची पिशवी पाहिली, तिच्यात जवळजवळ काही नव्हतं. पुन्हा प्रेशर मोजलं, आणि आता ते खाली आलं होतं.

“काका, आपण कुठे आहोत आत्ता?”

“ऑफिसमां,” हे म्हणाले.

त्यानंतर सगळं फार वेगाने झालं. रक्त काढून लॅक्टेट तपासायला धाडलं. शरीरातल्या पेशींना पुरेसं रक्त आणि प्राणवायू मिळेनासा झाला की रक्तात लॅक्टेट वाढतं. ते वाढलेलं होतं. “सेप्सिस,” डॉ. हेतल म्हणाल्या. “जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच अवयवांना इजा करायला लागतं, ती ही अवस्था. सीटी आत्ताच करायचा, उद्या नाही.” सीटीत दिसलं की तो लहानसा खडा मूत्रपिंडातून उतरणाऱ्या नळीत अडकला होता. मागे पू साचत होता. नुसत्या अँटिबायोटिकने भागणार नव्हतं, वाट मोकळी करायला नळीत स्टेंट, म्हणजे एक बारीक पोकळ नळी, बसवावी लागणार होती. मूत्रविकारतज्ज्ञ म्हणाले, “आत्ता थांबलो तर हातातून जाईल. भूल देण्यातही जोखीम आहे. करू का?” मी म्हटलं, करा.

थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी वाघोडियाच्या भारतीबेन बसल्या होत्या. त्यांचे वडील वरच्या मजल्यावर होते, न्यूमोनियासाठी. डबा मांडीवर तसाच बंद. मी माझं सांगितलं, रडलेही. मग त्या हळूच म्हणाल्या, “मारा बापुजी पण आजे बहु शांत छे. कंई बोलता ज नथी.”

“सांगितलंत का कोणाला?” मी विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. वर कोणी विचारत नव्हतं. वरच्या मजल्यावर तो प्रश्नही नव्हता आणि खांबावर फोनही नव्हता. मी त्यांना हाताला धरून उठवलं. “जा आणि सांगा, माझे वडील रोजच्यासारखे नाहीत, येऊन बघा. नाही आले तर पुन्हा सांगा.” त्या गेल्या. मी थिएटरच्या दाराकडे बघत बसले. माझा नवरा मला ‘बेन’ म्हणून आत गेला होता, आणि तेच शेवटचं ठरलं तर, एवढा एकच विचार डोक्यात घिरट्या घालत होता. मी इतकी कधीच घाबरले नव्हते.

स्टेंट बसला, पू निघाला. पण आयसीयूतले पहिले दिवस कोणी खात्री देईना. डॉक्टर रोज एकच म्हणत, “आज कालपेक्षा वाईट नाही.” मी त्या वाक्यावर दिवस ढकलत होते. प्रेशर टिकवायची औषधं हळूहळू कमी झाली, लघवी सुरू झाली. आणि एका सकाळी मी आत गेले तर हे डोळे उघडे ठेवून माझी वाट बघत होते. “अगं, होतीस कुठे?” म्हणाले. मी तिथेच रडायला लागले. सिस्टरनी मला खुर्ची आणून दिली.

घरी जायच्या आदल्या दिवशी डॉ. हेतल आल्या. त्या दुपारी नेमकं काय वेगळं वाटलं, हे त्यांना सविस्तर ऐकायचं होतं. मी सगळं सांगितलं आणि मग मनातलं विचारलं, “वरच्या मजल्यावर का नाही हे? आम्हाला तिथे बेड मिळाला असता तर?”

त्यांनी टाळाटाळ केली नाही. “काकी, याचा खरंच उपयोग होतो का, हे आम्हाला अजून माहीत नाही. काही वॉर्डांत करायचं, काहींत नाही, आणि मग तुलना करायची. उगाचच्या हाका खूप आल्या तर खऱ्या पेशंटकडे पोहोचायला टीमला उशीर होईल. एका काकांवरून ठरवता येत नाही.”

“मग मी तुमची तुलना बिघडवली,” मी म्हटलं, आणि भारतीबेनचं सांगितलं.

त्यांनी कपाळाला हात लावला, पण हसल्या. “ते तुम्ही होय! वर डॉक्टर जाऊन आले होते. त्यांच्या वडिलांना काहीच झालं नव्हतं. झोप झाली नव्हती म्हणून गप्प होते. बघा, हीच उगाचची हाक.”

“उगाचची कशी?” माझा आवाज चढला. “डॉक्टर आले, बघून ठीक आहे म्हणाले. मग त्या बाईने खाली बाकावर परत येऊन डबा उघडला. सकाळपासून उपाशी होती ती, माझ्यासमोर जेवली. हे तुमच्या अभ्यासात कुठे मोजता?”

“नाही मोजत,” डॉ. हेतल म्हणाल्या. मग म्हणाल्या, “मोजायला हवं.”

त्यांच्या अभ्यासातून काय निघेल ते मला माहीत नाही. कदाचित निघेल की आम्हा घरच्यांच्या हाका बहुतेक फुकट जातात. त्यांच्यावर माझा राग नाही. ज्या बाईने वाकून माझ्या माणसाचे श्वास मोजले, तिचे उपकार मी कुठे फेडू? पण तुम्ही कुठल्या मजल्यावर असाल, तिथे कोणी विचारेल की नाही, हे मला ठाऊक नाही. म्हणून सांगते. तुमच्या माणसाचं काही वेगळं वाटलं, ते कितीही क्षुल्लक असलं, सांगताना लाज वाटली, तरी उठा आणि सांगा. लोक तुम्हाला वेडं म्हणतील. मलाही त्या फोनवर, पलीकडून आवाज येईपर्यंत, वेडी ठरल्यासारखं वाटलं होतं. तेवढ्या लाजेला भिऊन मी स्टुलावरच बसून राहिले असते, तर आज या घरात मी एकटी असते.