बैलांनी ठरवलेली बॅटरी

गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये मी मॅनेजर होतो, आणि मोटारसायकलची बॅटरी कधी बदलायची हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. धानाच्या बैलबंड्या मिलकडे निघाल्या की गाडीवान झोपून जायचे आणि बैल हॉर्न ऐकून आपणहून बाजूला व्हायचे. हॉर्न वाजवूनही बैलाने कान हलवला नाही, की बॅटरी संपली, हा माझा नियम. एका हंगामात फुलचूरच्या रस्त्यावर हॉर्नचा घसा बसला आणि एकाही बैलाने कान हलवला नाही. मी तडक मिस्त्रीकडे गेलो.

"बॅटरी चांगली हाय साहेब, कायले बदलून राहिले?" तो म्हणाला. "दिवा पाहा ना, किती लख्ख हाय!"

"दिवा काय बैलांना दाखवू?" मी खेकसलो आणि नवी बॅटरी बसवून घेतली.

हॉर्न तसाच घोगरा. मिस्त्रीने तो उघडला, तर आत आमच्याच मिलचा कोंडा गच्च भरलेला. तरी जुनी बॅटरी परत लावून घेणं माझ्या स्वभावात नव्हतं. ती मी त्यालाच देऊन टाकली.

पुढे दोन वर्षं त्याच रस्त्यावर मागून त्याच्या मोटारसायकलचा खणखणीत हॉर्न वाजायचा, आणि बैलांबरोबर मीही बाजूला व्हायचो.