पाटीवरचे बंधू

आमच्या गॅरेजच्या पाटीवर वडिलांचं नाव आहे आणि त्यापुढे 'आणि बंधू'. वडिलांना भाऊ नाही. त्यांना एक धाकटी बहीण आहे, म्हणजे माझी आत्या, आणि इंजिनं तीच खोलायची. पाटी रंगवली तेव्हा वडील म्हणाले होते, "बाई इंजिन खोलते म्हटलं तर गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल." तेव्हापासून एकतीस वर्षं आत्या मागच्या शेडमध्ये गाडीखाली आणि वडील पुढे टेबलाशी, इस्त्रीच्या शर्टात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. मी त्याच टेबलावर फोन घेते, त्यामुळे मला फार तोंड वर करून बोलायची सोय नाही.

आत्या फटकळ. गंजलेल्या नटाशी गोड बोलायची, माणसांशी नाही. लग्नाचं विचारणाऱ्याला म्हणायची, "एक भाऊ सांभाळतेय तेवढा पुरे."

गेल्या साली एक वकील त्यांची जुनी, हौसेची गाडी घेऊन आले. इंजिन तापलं की तेलाच्या दाबाचा काटा खाली बसायचा. त्यांनी स्वतःच एक मोठा, जास्त ताकदीचा ऑइल पंप मागवून आणला होता. हे काम गावात दुसरं कोणी घेईना. आत्याने पंप हातात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "दादा, करते मी. पण गाडी नीट गेली तर पाटीवरचं बंधू पुसायचं आणि माझं नाव घालायचं."

"घालू की!" वडील म्हणाले. पेंटर येऊन पाटीचं मापही घेऊन गेला. त्या दिवशी आत्या काम करताना गुणगुणत होती. मी ते पहिल्यांदाच ऐकलं.

तिने आधी बेअरिंगं तपासली. ती झिजली असतील तर मोठा पंप बसवून नुसता काटा वर चढतो, आजार तसाच राहतो, असं तिचं म्हणणं. बेअरिंगं ठीक निघाली. मग नवा पंप उघडून आतल्या चाकांमधली फट तिने पातळ पात्यांनी मोजली. पंपात तेल ओतलं आणि तोंडातून धार येईपर्यंत तो बोटांनी फिरवला. "कोरडा पंप कधी बसवायचा नाही," ती मला म्हणाली. "पहिला घोट आपण पाजायचा." पंप बसवून इंजिनाच्या तळाचं तेलाचं चेंबर बंद केल्यावरही इंजिन लगेच चालू केलं नाही. प्लग काढून ते नुसतं फिरवलं, काटा हलला, तेव्हा कुठे प्लग लावून किल्ली फिरवली. काटा सरळ वर गेला आणि तिथेच राहिला.

शेवटी तिने एक चिठ्ठी लिहून स्टिअरिंगला चिकटवली: 'गार इंजिन रेस करू नका. पंप मोठा आहे, गार तेल जाड असतं, दाबाने फिल्टर फुटेल. आठ दिवसांनी दाखवायला आणा.'

वकील यायच्या आधी वडिलांनी ती चिठ्ठी काढली, घडी केली आणि खिशात घातली. कोणाचं अक्षर म्हणून विचारलं असतं ना! तोंडी सांगू म्हणाले. वकिलांनी काटा पाहून पाठ थोपटली, "कोणी बसवला हो पंप?" "आम्हीच," वडील म्हणाले, आणि त्या कौतुकात सांगायचं ते राहूनच गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वकिलांनी मित्रांना आवाज ऐकवायला गार इंजिनावर पाय दाबला. फिल्टरचं सील फुटलं, सगळं तेल रस्त्यावर, आणि यांचा पाय तसाच. इंजिन जाम. दोराने ओढत गाडी आमच्या दारात आणली.

"साहेब, हे बहिणीने केलंय," वडील म्हणाले. "मी नको नको म्हणत होतो."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा आत्याचं काम आत्याच्या नावावर लागलं.

ती शेडच्या दारात उभी होती. "मी चिठ्ठी लावली होती, दादा."

"कसली चिठ्ठी?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "तू इथेच होतीस ना गं? तू पाहिलीस ना?"

मी फोन उचलून कानाला लावला. तो वाजला नव्हता.

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं मला. तिने हात पुसले, ती मोजायची पाती फडक्यात गुंडाळली आणि निघून गेली. परत आली नाही. माझा फोन घेत नाही, आणि तिचं बरोबरच आहे.

पाटी तशीच आहे. इंजिनाची कामं येतात आणि परत जातात. परवा एक जुनं गिऱ्हाईक पाटीकडे बघत म्हणालं, "इंजिन खोलायचे ते तुमचे बंधू दिसत नाहीत?"

"वेगळे निघाले हो," वडील म्हणाले. "भावाभावांत चालायचंच."

मी टेबलाशीच होते.