पायगुणाची बरणी

भोसरीच्या अलीकडे आमच्या सासरच्या गावाला एक तळं होतं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, मी तिथं नवी नवी सून. पाणी आम्ही जुन्या लुगड्याच्या चौपदरी फडक्यातून गाळायचो. फडकं उलटं केलं की त्यावर मोहरीहून बारके जीव टुणटुण उड्या मारायचे. ते झटकून परत तळ्यातच सोडायचे, अशी आमच्याकडची रीत. सासूबाई म्हणायच्या, "ह्ये उड्या मारत्यात ना, तवर पाण्याची काळजी न्हाई."

तळ्याच्या वरच्या अंगाला चुलत सासऱ्यांचा मळा. त्या साली त्यांना ते नवं पांढरं खत मिळालं, साखरेसारखं दिसणारं. सल्फेट म्हणायचे सगळे. देणाऱ्यानं सांगितलं होतं मूठमूठ टाका. यांचा हात शेणखताला सरावलेला, यांनी पाट्याच्या पाट्या ओतल्या आणि वर पाणी सोडलं भरपूर. ते सगळं उतारानं तळ्यात.

चैत्रात फडक्यावरच्या उड्या थांबल्या. नुसता हिरवा गिलावा उरायचा. पुढं पंधरा दिवसांत तळ्यावर रंग सांडल्यासारखी जाड साय धरली, वास सुटला, मासे उलटे तरंगायला लागले. माझ्या माहेराहून आंदण आलेली म्हैस ते पाणी प्याली आणि दिवस मावळायच्या आत पाय झाडून गेली.

मी तिच्याजवळ बसून रडत होते, तेव्हा चुलत सासरे चावडीपुढं चार माणसांत म्हणाले, "सून आली आन् तळं नासलं. पायगुण, दुसरं काय!"

झालं. बायका माझ्या घागरीला घागर लागू देईनात. नवऱ्यानं मान खाली घातली. त्याचा राग मी आजही सोडलेला नाही, पण तो हिशेब वेगळा.

मी लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या घासल्या. दोन्हींत विहिरीचं पाणी, वर तळ्यातल्या पाण्याची एकेक पळी. एकीत त्यांच्याच बांधावर सांडलेलं चिमूटभर खत. दुसरीत, सगळ्यांदेखत, माझ्या पायाचा अंगठा धुऊन ते पाणी. आणि दोन्ही बरण्या नेऊन ठेवल्या कुठं? त्यांच्याच दाराशेजारच्या दगडी गडग्यावर, भर उन्हात.

"काय सूनबाई, तीर्थ वाटणार का काय?" चुलत मामंजी हसले. भोवतीचेही हसले.

पदर डोईवर ओढून मी म्हटलं, "हिच्यात माझा पायगुण, मामंजी. तिच्यात तुमचं खत. ऊन दोघींना सारखंच."

आठ-दहा दिवसांत खताची बरणी हिरवीगार. माझी अजून आरपार दिसत होती. नात सांगते, त्या हिरव्या बारक्यांना प्लवक म्हणतात, खत मिळालं की ते माजतात आणि पाण्याचा श्वास कोंडतात. मला तेव्हा नाव ठाऊक नव्हतं, पण कोण माजलं होतं ते ठाऊक होतं.

येणारा-जाणारा थांबून बघायला लागला. मामंजींनी काठीनं ती खताची बरणी फोडली. मी तशीच दुसरी भरून ठेवली. तीही फोडली. तिसरी ठेवली. शेवटी शेजारणीच मला बरण्या आणून द्यायला लागल्या.

महिन्यानं ते स्वतः आमच्या अंगणात आले. "उचल बये ते. चुकलं माझं."

"इथं नको," मी म्हटलं. "चावडीपुढं बोलला होता, तिथंच बोला."

दुसऱ्या दिवशी चावडीपुढं ते पुटपुटले, की तळं खतानं नासलं, पोरीचा काही दोष नव्हता. गर्दीत त्यांची थोरली बहीण होती, कानानं जड. पायगुणाची गोष्ट घरोघरी पोहोचवली होती ती तिनंच.

"आत्याबाईंना ऐकू गेलं नाही," मी म्हटलं. "परत सांगा, मामंजी. जरा मोठ्यानं."


त्यांनी परत सांगितलं. मोठ्यानं.